कीबोर्डास आपला ठेका कसा शिकवावा

गेल्या नाताळापूर्वीं आमच्या गायनवर्गांत एक लहानशी गोष्ट घडली. तीवरून प्रस्तुत लेख लिहिण्याचें मनांत आलें. मुलें एक जुनें मराठी भजन बसवीत होतीं. त्याची चाल रूपक तालाची, म्हणजे सात मात्रांच्या आवर्तनाची. तबल्याच्या साथीस नेहमीं बसणारे वृद्ध गृहस्थ, ज्यांस सारीं मुलें तबलेवाले आजोबा म्हणतात, त्या दिवसांत आजारी होते. तेव्हां साथीचें काम अरेंजर कीबोर्डावर सोंपविलें. त्याच्या तयार ठेक्यांत रूपक कांहीं सांपडेना. म्हणून त्यांतल्या त्यांत जवळचा वाटणारा आठ मात्रांचा एक ठेका आम्हीं लावून दिला. पहिल्या दिवशीं मुलांची फार ओढाताण झाली. दुसऱ्या दिवशीं ती कमी झाली. आठवडा संपतां संपतां ओढाताण मुळींच उरली नाहीं, आणि आम्ही समाधानानें माना डोलावूं लागलों.

एके दिवशीं एका विद्यार्थिनीची आजी नातीस न्यावयास आली होती. दाराशीं उभी राहून तिनें सारें भजन ऐकलें, आणि जातांना विचारलें, “चाल नवीन बसवली का हो, सर?” चाल तर जुनीच होती! मग आम्हीं बोटांवर मात्रा मोजून पाहिल्या, तेव्हां उलगडा झाला. मुलांनीं प्रत्येक आवर्तनाच्या शेवटचा स्वर एक मात्रा लांबवून सातांचे आठ करून घेतले होते. मिनिटास १०० मात्रांची लय धरली तर सात मात्रांचें आवर्तन ४·२ सेकंदांत पुरें होतें, आठ मात्रांचें ४·८ सेकंदांत. साठ आवर्तनांच्या भजनांत ही भर ३६ सेकंदांची होते. परंतु प्रश्न सेकंदांचा नव्हे. सात मात्रांच्या चालीस पुढें झुकणारा जो एक डौल असतो तो साफ नाहींसा झाला होता, आणि मुलांच्या कानांत ती चाल आठ मात्रांचीच म्हणून बसली होती. पुढें हींच मुलें ती आपल्या मुलांस तशीच शिकवितील.

गाण्याची चाल यंत्राच्या सोयीनें बदलावी, कीं यंत्रास चालीचा ठेका शिकवावा? दुसरी गोष्ट करितां येते, आणि ती वाटते तितकी कठीण नाहीं. ती कशी करावी हें येथें सांगावयाचें आहे.

अरेंजर कीबोर्ड म्हणजे काय, हें पालकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेलच. कारण लग्नसमारंभांत, उत्सवाच्या मंडपांत आणि प्रार्थनामंदिरांत आतां तो सर्वत्र दिसतो. वाजविणारा उजव्या हातानें चाल वाजवितो व डाव्या हातानें दोन-तीन पट्ट्या दाबून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, धरतो. तेवढ्यावरून यंत्र मागें तबला, ड्रम, बेस, गिटार इत्यादि वाद्यांची साथ आपोआप उभी करतें. या साथीच्या नमुन्यास ‘स्टाइल’ म्हणतात. यामाहा, कॉर्ग, कॅसिओ, रोलंड इत्यादि कंपन्यांच्या यंत्रांत अशा स्टाइली कारखान्यांतूनच भरून येतात.

कारखान्यांतून भरून आलेला ठेका किती दूरवर जातो याचें एक नवलाचें उदाहरण आहे. कॅसिओ कंपनीनें १९८१ सालीं एमटी-४० नांवाचा एक लहान, स्वस्त कीबोर्ड बाजारांत आणला. त्यांतील ‘रॉक’ नांवाचा तयार नमुना हिरोको ओकुदा या तरुण जपानी बाईनें बनविला होता. १९८५ सालीं जमेका बेटांत वेन स्मिथ या गायकानें व किंग जॅमी या ध्वनिमुद्रकानें तोच नमुना घेऊन ‘अंडर मी स्लेंग तेंग’ हें गाणें काढलें, आणि तेथून त्या बेटाच्या लोकसंगीताची सारी वाटच वळली. तोंपर्यंत हाडामांसाचे वादक वाजवीत असलेली साथ पुढें पुष्कळ अंशीं यंत्रें वाजवूं लागलीं. जमेकाच्या लोकांनीं त्या नमुन्याचें आपलें असें कांहीं केलें, हें खरें. पण एका खोलींत बसून कोणी एकानें घातलेला ठेका हजारों मैलांवरच्या लोकांचा ठेका होऊं शकतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आमच्या वर्गांत त्याचीच एक लहान आवृत्ति घडली, एवढेंच.

परकें वाद्य आपलेंसें करण्याची विद्या आपणांस नवी नाहीं. पेटीचेंच पाहा. पॅरिस येथील अलेक्झांद्र दबें यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें, तें पायानें भाता हालविण्याच्या वाद्याचें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं तें जमिनीवर बसून एका हातानें भाता हालवितां येईल असें केलें, आणि मग तें आपल्या बैठकींत, कीर्तनांत, भजनांत शिरलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या भजनांस मराठी मंडळ्यांमध्यें जी साथ लाभली ती या पेटीची व तबल्याची. तरीही पेटी आपल्या गाण्यास शोभते कीं नाहीं याचा वाद पुष्कळ दिवस चालला. ऑल इंडिया रेडिओनें तर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदीच घातली होती. मिळून सांगावयाचें तें हें कीं, यंत्र जसेंच्या तसें घेतलें तर तें आपणांस बदलतें, आणि आपण त्यांत हात घातला तर आपण त्यास बदलतों.

आतां हात कोठें घालावयाचा तें पाहूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, स्टाइल म्हणजे कोणी वाजविलेल्या साथीचें ध्वनिमुद्रण होय. बहुतेक स्टाइलींच्या बाबतींत ही समजूत चुकीची आहे. स्टाइलींत आवाज नसतोच. असतात त्या आज्ञा. नाटकाच्या संहितेंत ज्याप्रमाणें पात्रांचे आवाज नसून केवळ शब्द व सूचना असतात, त्याप्रमाणें येथेंही “अमुक पट्टी, अमुक क्षणीं, इतक्या जोरानें, इतका वेळ” अशा ओळींमागून ओळी लिहिलेल्या असतात. आवाज यंत्राच्या पोटांत निराळे ठेविलेले असतात, व ह्या आज्ञांप्रमाणें ते वाजतात. आज्ञा लिहिण्याची ही सर्वमान्य भाषा ‘मिडी’ या नांवानें ओळखली जाते. ती १९८३ सालीं प्रचारांत आली. त्या वर्षाच्या आरंभीं दोन निरनिराळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेनें जोडून एकानें दुसऱ्यास वाजविण्याचा प्रयोग अमेरिकेंत जाहीरपणें करून दाखविण्यांत आला. या भाषेंत आघाताचा जोर १ पासून १२७ पर्यंतच्या आंकड्यांनीं सांगतात.

ध्वनिमुद्रण नसून आज्ञा आहेत, यांतच आपली सारी सोय आहे. लय वाढविली तरी आवाज चिरकत नाहीं. आणि एखादी आज्ञा खोडून तिच्या जागीं दुसरी लिहितां येते.

ठेक्याच्या वाद्यांची व्यवस्था थोडी निराळी आहे. सुरांच्या वाद्यांत एकेक पट्टी एकेक स्वराची असते. ड्रमकिटांत एकेक पट्टी एकेका निराळ्या आघाताची असते. १९९१ सालीं कंपन्यांनीं मिळून ठरविलेल्या यादीप्रमाणें ३६ क्रमांकाच्या पट्टीवर मोठा ड्रम, ३८ वर स्नेअर, ४२ वर मिटलेली हाय-हॅट झांज व ४६ वर उघडी, असा नेम आहे. भारतीय वाद्यांच्या किटांत मात्र असा सर्वमान्य नेम नाहीं. कोणत्या पट्टीवर ‘ना’ आहे व कोणत्या पट्टीवर ‘गे’, हें यंत्रागणिक बदलतें. म्हणून पहिलें काम हें कीं, एक कागद घेऊन खालपासून वरपर्यंत पट्टी पट्टी दाबून पाहावी व समोर बोल लिहून ठेवावा. हें काम कंटाळवाणें आहे. पण तें दोन मुलांनीं मिळून केलें तर अर्ध्या तासाचें आहे, आणि मुलांस तें आवडतें असा आमचा अनुभव आहे.

आतां रूपक घेऊं. त्याचे बोल असे:

तीं तीं ना | धीं ना | धीं ना

तबला शिकलेल्या मुलांस ठाऊक आहे कीं, ‘धीं’ हा स्वतंत्र आघात नव्हे. उजव्या हातानें तबल्यावर ‘तीं’ आणि त्याच क्षणीं डाव्या हातानें डग्ग्यावर ‘गे’, हे मिळून ‘धीं’ होतो. तसाच ‘ना’ व ‘गे’ मिळून ‘धा’. म्हणजे हा सबंध ठेका लिहिण्यास तीनच पट्ट्या लागतात: तीं, ना आणि गे. तबल्याचे आघात सात, डग्ग्याचे दोन. एकंदर नऊ आज्ञा. इतकें लहान काम आहे हें!

परंतु त्या नऊ आज्ञांत रूपकाचा सारा स्वभाव आहे. डग्ग्याचे दोन आघात कोठें पडले पाहा: चौथ्या मात्रेवर व सहाव्या मात्रेवर. तेथेंच टाळ्या आहेत. पहिल्या तीन मात्रांत डग्गा मुळींच नाहीं, आणि पहिली मात्रा, जी सम, ती टाळीची नसून खालीची आहे. बहुतेक तालांत समेवर वजन पडतें. रूपकांत समेवर वजन उचललेलें असतें. कारखान्याच्या तयार स्टाइलींत, विशेषतः पाश्चात्य वळणाच्या, पहिल्या मात्रेवर मोठा ड्रम ठोकलेला असतो. समजा एखाद्या यंत्रांत सात मात्रांची स्टाइल सांपडली, तरी तिनें समेवर असा ठोका दिला तर आंकडा जमेल पण रूपक होणार नाहीं. जो वाजविणारा केवळ सात हा आंकडा पाहून समाधान मानतो त्याची चूक आमच्या आठ मात्रांच्या चुकीहून थोडीशीच लहान आहे.

यंत्रावर लिहिण्याची रीत अशी. ज्या यंत्रांत ‘स्टाइल क्रिएटर’ किंवा ‘स्टाइल रेकॉर्ड’ नांवाची सोय असते तेथें नवी स्टाइल उघडावी. एका बारांत किती मात्रा हें अगदीं आरंभींच ठरवावें; मागून बदलूं गेल्यास लिहिलेलें सारें विस्कटतें. आम्हीं एका बारांत सात मात्रा धरून एक आवर्तन म्हणजे एक बार असा हिशेब ठेविला. यंत्राच्या यादींत सात मात्रांचा बार नसेल तर तोच नमुना संगणकावर लिहावा लागतो. नंतर लय अगदीं मंद, मिनिटास ५०-६० मात्रा, इतकी उतरवावी. लिहितांना मंद असलेलें मागून कितीही जलद करितां येतें. आज्ञांस त्याचें कांहीं वाटत नाहीं. मग ध्वनिलेखन सुरू केलें कीं यंत्र तोच एक बार पुनःपुन्हा फिरवीत राहतें. पहिल्या फेरींत केवळ ‘तीं’ व ‘ना’ वाजवावे, दुसऱ्या फेरींत ‘गे’ भरावा, तिसरींत टाळ. चुकलेला आघात खोडण्याचीही सोय असते. हात लावण्यापूर्वीं बोल मोठ्यानें म्हणावे व हातानें टाळी-खाली दाखवावी. जें तोंडास येत नाहीं तें पट्टीवर येत नाहीं.

येथें एक मोह आवरावा लागतो. यंत्रांत ‘क्वांटाइझ’ नांवाची एक कळ असते. ती दाबली कीं मागेंपुढें पडलेला प्रत्येक आघात जवळच्या बरोबर जागीं जाऊन बसतो. नवशिक्यास ही कळ फार प्रिय होते, आणि आमचाही पहिला ठेका आम्हीं असाच दोरींत ओंवला. तो तालांत होता, पण घड्याळासारखा वाटत होता. चांगल्या तबलजीच्या हातांत ‘ना’ किंचित् मागें रेंगाळतो किंवा पुढें झेपावतो. एका मात्रेचे ४८० भाग पाडले तर, मिनिटास १०० मात्रांच्या लयींत, एक भाग सव्वा सहस्रांश सेकंदाचा होतो. असे सोळा भाग, म्हणजे २० सहस्रांश सेकंद, मागें गेलेला ‘ना’ मोजून कोणास सांगतां येणार नाहीं, पण ठेका बसका वाटतो कीं ताठ, हें कान ताबडतोब सांगतो. म्हणून ही कळ वापरावयाचीच तर अर्ध्या प्रमाणांत वापरावी. जोराचेंही तसेंच. सर्व आघात १०० जोराचे ठेवूं नयेत. आम्हीं समेवरील ‘तीं’ ७० वर, चौथ्या मात्रेवरील ‘गे’ १०० वर व सहाव्या मात्रेवरील ‘गे’ ९५ वर ठेविला होता. या शेवटच्या आंकड्याकडे आम्हांस पुढें परत यावें लागणार आहे.

ठेक्याच्या पलीकडे स्टाइलींत सुरांचे भागही असतात. यामाहाच्या यंत्रांत एका स्टाइलीचे आठ भाग धरतात: ठेक्याचे दोन, बेसचा एक, कॉर्डचे दोन, एक लांब सुरांचा व दोन लहान सुरावटींचे. हे सुरांचे भाग एकाच ठरीव कॉर्डवर, बहुधा सी मेजर सेव्हनवर, लिहावयाचे असतात. मग वाजविणारा डाव्या हातानें जी कॉर्ड धरील तिच्याप्रमाणें यंत्र त्यांतील स्वर सरकवितें. हें सरकविण्याचे नियम प्रत्येक भागास निराळे लावितां येतात, आणि घोटाळा येथेंच होतो. ठेक्याच्या भागास हे नियम लागूं होतां कामा नयेत. ते चुकून लागले तर कॉर्ड बदलतांच ‘ना’ च्या पट्टीवरील आज्ञा चार पट्ट्या वर सरकते, आणि तबल्याच्या जागीं घुंगरूं किंवा शिटी वाजूं लागते! आमच्याकडे ही गंमत एकदां सर्वांदेखत झाली, व मुलांनीं ती महिनाभर विसरूं दिली नाहीं.

भजनास कॉर्ड फार लागत नाहींत. आम्हीं तर बेस, गिटार हे भाग रिकामेच ठेविले. एका भागांत तंबोऱ्याचे सा-प भरले आणि त्या भागास ‘कॉर्डप्रमाणें सरकूं नये’ असा नियम लाविला. त्यामुळें डावा हात कांहींही धरो, तंबोरा आपल्या षड्जावर स्थिर राहतो. गायकाची पट्टी बदलली तर ट्रान्सपोजच्या कळेनें सारेंच वर किंवा खालीं नेतां येतें. यंत्रानें देऊं केलेली प्रत्येक जागा भरलीच पाहिजे असें नाहीं, हें आम्हांस जरा उशिरां समजलें.

स्टाइलीचे आणखी विभाग असतात: आरंभाचा इंट्रो, मुख्य ठेक्याचे दोन ते चार प्रकार, मधली भरणी म्हणजे फिल-इन, आणि शेवटचा एंडिंग. मुख्य प्रकारांत पहिला साधा, दुसरा थोडा भरलेला व तिसरा लग्गीचा असा क्रम आम्हांस सोयीचा वाटला. भरणीच्या ठिकाणीं मात्र आपल्या तालाची व यंत्राची खरी झटापट होते. भरणी बहुधा एकाच बाराची असते. आम्हांस तेथें तिहाई घालावयाची होती. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदां वाजवून तिसऱ्याचा शेवटचा आघात बरोबर समेवर आणणें. रूपकाच्या अर्धमात्रा चौदा. पांच अर्धमात्रांचा तुकडा समेपासून सुरू करून तीनदां वाजविला, तर पांच त्रिक पंधरा. आणि पंधरावी अर्धमात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. हिशेब किती सुंदर आहे! परंतु हा पंधरावा आघात भरणीच्या बाराबाहेर पडतो. तो ज्या बारांत पडतो तेथें मुख्य ठेका सुरू झालेला असतो, व त्या ठेक्यास आतांच तिहाई झाली याची वार्ताही नसते. तो आपला नेहमींचा हलका ‘तीं’ वाजवितो. चौदा आघात चढत गेलेले, आणि समेवर मात्र कोणी दार अलगद लोटावें तसा आवाज! शेवटीं आम्हीं असें केलें कीं, तो शेवटचा ‘धा’ वाजविण्यास एका मुलीस दुसऱ्या लहान कीबोर्डाशीं बसविलें. ती भजनभर एका आघाताची वाट पाहत बसते, व आजपर्यंत तिची सम एकदांही चुकलेली नाहीं.

ज्यांस इतकें करावयाचें नसेल त्यांस एक सोपा मार्गही आहे. तयार स्टाइलींतील एकीचा ठेका, दुसरीची टाळ, तिसरीचा तंबोरा असे भाग उचलून नवी स्टाइल जोडतां येते. केरवा व दादरा यांस एवढें पुष्कळदां पुरतें. संगणकावर मिडीच्या रूपानें लिहिण्याचा मार्ग सर्वांत बारकाईचा. पण त्यांत एक धोका आहे. यामाहाच्या स्टाइलीच्या फाइलींत साध्या मिडीच्या मागें आणखी एक पुरवणी जोडलेली असते, व कोणता भाग कसा सरकवावा हे नियम त्या पुरवणींत असतात. संगीत लिहिण्याचा सामान्य प्रोग्रॅम ती पुरवणी ओळखत नाहीं. त्यांत फाइल उघडून पुन्हा जतन केली कीं पुरवणी गळून पडते, आणि आठवड्याचें काम वायां जातें. यासाठीं मूळ फाइलीची एक प्रत नेहमीं अलग ठेवावी, आणि स्टाइलींकरितांच केलेला प्रोग्रॅम वापरावा.

एका कंपनीची स्टाइल दुसरीच्या यंत्रांत सरळ चालत नाहीं. एकाच कंपनीच्या दोन यंत्रांतही किट निराळी असली तर बोलांची अदलाबदल होते. बाजारांत पेन ड्राइव्ह भरून शेंकडों स्टाइली स्वस्तांत मिळतात. त्यांपैकीं पुष्कळ कोणाच्या तरी मेहनतीच्या चोरलेल्या प्रती असतात, आणि आपल्या यंत्राच्या किटाशीं त्या जुळतीलच असेंही नाहीं. पालकांस एक सूचना करावीशी वाटते. मुलासाठीं कीबोर्ड घेतांना दुकानदार आवाजांची व स्टाइलींची संख्या सांगेल. ती ऐकून घ्यावी, व मग विचारावें कीं यांत स्वतःची स्टाइल लिहितां येते काय. निदान बाहेरून आणून ठेवितां येते काय. कित्येक लहान यंत्रांत हें दोन्ही नसतें. कित्येकांत दुसरें असतें, पहिलें नसतें.

यंत्रांतील तबल्याचा आवाजच पसंत नसला तर? कांहीं मोठ्या यंत्रांत आपण ध्वनिमुद्रित केलेले आवाज भरण्याचीही सोय असते. यामाहाच्या त्या यंत्रांकरितां संगणकावरील ‘एक्स्पान्शन मॅनेजर’ हा प्रोग्रॅम आहे, कॉर्गच्या वरच्या दर्जाच्या यंत्रांत नमुने थेट घेतां येतात. एकेक बोल तीन-चार निरनिराळ्या जोरांनीं वाजवून घ्यावा, आघाताच्या आधींची शांतता कापून टाकावी (ती राहिली तर प्रत्येक ‘ना’ उशिरां वाजतो) आणि एकेका पट्टीवर बसवावा. डग्ग्याचा घुमणारा, मनगटानें दाबून वर चढविलेला ‘गे’ निराळ्या पट्टीवर ठेवावा; साध्या ‘गे’ स यंत्रानें वांकवून तो येत नाहीं, ओढूनताणून आणला तर नकली वाटतो.

हें सारें कोणाच्या हातावरून घ्यावयाचें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. यंत्रांत ठेका आला कीं तबलजीची गरज संपते असें धरून चालणारे पुष्कळ आहेत. कार्यक्रमांस त्याला न बोलावतां त्याच्याच हाताचे नमुने वाजवावयाचे, हें तर उघड उघड अन्यायाचें आहे. तबलेवाले आजोबा बरे होऊन आल्यावर आम्हीं त्यांस सर्व हकीकत सांगितली, त्यांच्या बोलांचे नमुने घेण्याची परवानगी मागितली, व कामाचा मोबदला ठरविला. ते प्रथम हंसले. मग म्हणाले कीं, “ज्या दिवशीं मी असेन त्या दिवशीं ही पेटी बंद ठेवायची, नसेन त्या दिवशीं खुशाल वाजवा.” तो नियम आम्हीं पाळतों. स्टाइलीचें नांव यंत्रांत रोमन अक्षरांत द्यावें लागतें व जागा थोडी असते. तरी त्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें त्यांत बसलीं.

मुलांच्या कानांतून आठवी मात्रा काढावयास मात्र ती घालावयास लागला त्याच्या तिप्पट वेळ लागला. तीन आठवडे तीं ओळीच्या शेवटीं अडखळत होतीं. जीं मुलें आधीं टाळी-खाली दाखवून मग गात, तीं लवकर सुटलीं.

स्टाइल पुरी झाल्यावर आजोबांस समोर बसवून ती ऐकविली. ते डोळे मिटून पांच-सहा आवर्तनें ऐकत राहिले. नंतर म्हणाले, “सहाव्या मात्रेचा गे जरा जड पडतोय. चौथी मोठी बहीण, सहावी धाकटी. दोघी सारख्या कशा चालतील?” आम्हीं तो ९५ चा ७८ केला. पुन्हा ऐकून त्यांनीं तो आणखी थोडा उतरविण्यास सांगितलें. आतां तो ७२ वर आहे.